राजूर घाटातली बारा मिनिटं

मी एक खोली बोलतेय. चार भिंती, एक दार, एक खिडकी आणि खाली दोन चाकं. मोठ्या शहरात माझ्यासारखीला कॅरव्हॅन म्हणतात, असं मला बनवणाऱ्या पुंजाजींनी मोबाईलवर पाहून सांगितलं होतं. मलकापुरात मात्र कुणी मला डब्बा म्हणालं, कुणी चाकाची खोली. मला इंजिन नाही. पुढं एक लोखंडी दांडा आहे. तो दुसऱ्या गाडीच्या हुकात अडकवला की मी चालते.

मला ओढायला डिझेलची गाडी जोडायची की पेट्रोलची, यावर माझे मालक रंगराव यांच्या घरात महिनाभर वाद चालला. शेवटी पेट्रोलची जोडली आणि त्यामुळे त्यांच्या बायकोचा जीव गेला, असं सगळे समजतात. मी तेव्हा तिथं होते, म्हणून सांगतेय.

माझा जन्म मलकापूरच्या हायवेवर, पुंजाजींच्या शेडमध्ये झाला. पुंजाजींनी जन्मभर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या केल्या होत्या. खोली करायची त्यांची पहिलीच वेळ. म्हणून माझा एक्सल ट्रॉलीचा, अँगल जाड, पत्राही जाड. आतून प्लायवूड, छताला उन्हासाठी थर्मोकोल. एका बाजूला पलंग, दुसऱ्या बाजूला बॅटरी आणि इन्व्हर्टर, त्याच्याजवळ ऑक्सिजनचं मशीन ठेवायला कप्पा. पलंगाच्या उशाशी, अगदी समोर, दांड्याच्या बाजूला, एक मोठी खिडकी. ती कौशल्याबाईंनी मागून घेतली होती.

कौशल्याबाई म्हणजे रंगरावांची बायको. बावीस वर्षं त्या जिनिंगमध्ये कामाला जात. कापसाचा भुगा श्वासातून छातीत साचत गेला, आणि साठी ओलांडली तेव्हा चार पावलंही मशीनशिवाय टाकता येईनात. धुराचा तर नुसता वास आला तरी त्यांचे ओठ काळेनिळे पडायचे. शेजारी कुणी चूल पेटवली की रंगराव उठून आधी दारं लावायचे.

रंगराव डिझेल इंजिनाच्या पंपाचे मिस्त्री. ट्रकचा, ट्रॅक्टरचा, कुठलाही पंप त्यांनी खोलायचा आणि त्यांनीच लावायचा. बायको आजारी पडल्यापासून ते दुकानातून आले की अंगणातच कपडे काढायचे, साबणानं दोनदा अंघोळ करायचे आणि मगच घरात पाऊल टाकायचे. पुढं त्यांनी दुकानच बंद केलं.

कौशल्याबाईंची एकच इच्छा होती. त्यांचं माहेर मेहकरजवळ एका खेड्यात. तिथं धाकटी बहीण जनकाबाई राहते. तिचं खुब्याचं हाड मोडलेलं, तिला उठता येत नव्हतं. कौशल्याबाईंना फार वेळ बसता येत नव्हतं. चार वर्षं दोघी बहिणी फोनवरच बोलत होत्या.

"मले एकदा जनकीजवळ महिनाभर राहू द्या," त्या म्हणायच्या. "मंग काय व्हायचं ते होऊ द्या."

माहेरच्या घरात चुलीचा धूर. तिथं त्यांना झोपवणं शक्य नव्हतं. म्हणून रंगरावांनी मला करवून घेतलं. कौशल्याबाईंनी झोपूनच यायचं, बहिणीच्या अंगणात मला उभं करायचं आणि माझ्यातच राहायचं.

त्यांचा मुलगा शेखर धामणगाव बढ्याला शेती करतो. त्याच्याकडे जुनी डिझेल गाडी होती, पोती आणि माणसं दोन्ही वाहणारी. पुंजाजींच्या शेडसमोर पहिल्यांदा मला तिलाच जोडलं. तिनं मला असं ओढलं की मागं काही आहे हे तिला जाणवलंही नसेल. पण कौशल्याबाई आत पलंगावर होत्या आणि समोरची खिडकी उघडी होती. गाडी वळवताना शेखरनं जोर दिला, आणि काळा धूर सरळ माझ्यात आला. त्या दिवशी त्यांना शुद्धीवर यायला अर्धा तास लागला.

"बाबा, आपण खिडकी बंद करून टाकू," शेखर म्हणाला. "सायलेंसरचा पाईप बाजूनं काढू. पण ओढायले डिझेलच लागते. हे तुमाले मी सांगाव का?"

 उत्तर कौशल्याबाईंनी दिलं. "बंद डब्यात मी नाही जाणार. जीव घाबरा होते माहा. मले समोरचं दिसलं पाह्यजे."

आठ दिवसांनी रंगरावांनी एक जुनी पेट्रोल गाडी आणली. नांदुऱ्याच्या सपाट रस्त्यावर तिनं मला चांगलं ओढलं. आवाज नाही, धूर नाही. कौशल्याबाई खिडकीतून बाहेर पाहत पडून होत्या आणि पहिल्यांदाच हसल्या.

शेखर मात्र चाकाजवळ उकिडवा बसून माझ्याकडे पाहत होता. "सपाटीवर कोणीबी ओढते, बाबा. समोर राजूरचा घाट हाय. ह्या खोलीचं वजन पाहा ना."

"पहिल्या गेअरवर काढू."

"घाटात थांबा लागलं तर?"

"थांबायचंच नाही."

तीस-पस्तीस वर्षं डिझेलमध्ये हात घातलेला माणूस. कोणती गाडी किती ओढते, हे त्यांच्याइतकं तालुक्यात कुणाला माहीत नसेल. त्यांनी न समजता पेट्रोलची निवड केली नाही. समजून केली. त्यांच्यापुढं एका बाजूला घाट होता आणि दुसऱ्या बाजूला बायकोचा श्वास. खामगावावरून गेलं असतं तर रस्ता लांबत होता, चढ तिकडंही होताच, आणि बॅटरी फक्त पाच तासांची.

मार्चमधल्या एका सकाळी सातला आम्ही निघालो. पेट्रोल गाडी शेखर चालवत होता. रंगराव माझ्यात, पलंगाशेजारी स्टुलावर. मोताळा मागं पडलं. कौशल्याबाई दिसेल ते सांगत होत्या. कुणाच्या शेतात मका उभा आहे, कुणाची विहीर नवी आहे. जनकाबाईसाठी त्यांनी लुगडं घेतलं होतं, ते उशाखाली होतं.

घाट लागला. पहिलं वळण गाडीनं काढलं, दुसरंही काढलं. मला तिचा ताण दांड्यातून कळत होता. ती थरथरत होती. तिसऱ्या वळणावर समोर दोन ट्रक एकमेकांना वाट देत अडकले होते. थांबावं लागलं.

परत निघताना ती निघेना. शेखरनं तीनदा क्लच सोडला. जळका वास आला, आणि आम्ही सगळेच मागं सरकू लागलो. रंगरावांनी उडी मारून चाकामागं दगड लावला.

"गेली क्लचप्लेट," शेखर खाली उतरून म्हणाला. 'मी म्हटलं होतं' हे त्यानं तोंडातून काढलं नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर ते होतं.

तोवर काही बिघडलं नव्हतं, हे मला सांगायचंय. मशीन चालू होतं. कौशल्याबाई पाणी प्यायल्या. "होईन काहीतरी. तुमी घाबरू नका," असं त्याच म्हणाल्या. तासाभरानं एक रिकामा ट्रक वर चालला होता, तो थांबला. प्रेमानंद नावाचा चालक, मोठ्या मनाचा माणूस. त्यानं विचारलं, साखळी काढली, पेट्रोल गाडी कडेला लावली आणि मला आपल्या ट्रकला बांधलं.

"पाच किलोमीटर तर हाय," तो म्हणाला. "वर सोडतो तुमाले."

ट्रक डिझेलचा होता. रंगरावांनी सायलेंसरकडे पाहिलं. मग आत येऊन समोरची खिडकी लावली आणि चादर ओली करून फटीवर दाबून धरली. शेखर प्रेमानंदशेजारी पुढं बसला.

घाटाच्या माथ्यापर्यंत बारा मिनिटं लागली. त्या बारा मिनिटांत आत दोनच माणसं होती.

उन्हानं माझा पत्रा तापला होता. खिडकी बंद, दार बंद. कौशल्याबाईंचा जीव घाबरा झाला. आधी त्या म्हणाल्या, "उघडा ना थोडी." रंगराव म्हणाले, "धूर हाय, कौशल्या. जरा दम धर." मग त्यांनी चादर ओढायला सुरुवात केली. त्यांच्या हातात जोर नव्हता, तरी ओढत राहिल्या. रंगरावांनी एका हातानं खिडकी धरली आणि दुसऱ्या हातानं माझी भिंत बडवली. फोन लावला, घाटात लागेना. पुन्हा भिंत बडवली. पुढं इंजिनच्या आवाजात कुणाला काही ऐकू गेलं नाही.

"मी मरून राह्यले," कौशल्याबाई म्हणाल्या. "मले कोंडून मारू नका. उघडा, तुमाले माही शपथ हाय."

रंगरावांनी खिडकी उघडली.

वारा आला. एक क्षणभर त्यांचा चेहरा शांत झाला. आणि पुढच्या वळणावर ट्रकनं गेअर बदलला. धूर आत आला तो असा, की मला माझाच पलंग दिसेना. रंगरावांनी झटकन खिडकी लावली. पण तोवर धूर आत कोंडला गेला होता. ते चादरीनं वारा घालत राहिले. शेवटी दारच उघडलं. वर पोचलो तेव्हा कौशल्याबाईंचे डोळे उघडे होते, पण त्या कुणाला ओळखत नव्हत्या.

बुलढाण्याच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी त्या गेल्या, पुन्हा शुद्धीवर न येता.

तेरवीच्या आदल्या दिवशी शेखरनं आपली डिझेल गाडी मला जोडली. मावशीला आणायला निघाला होता. सायलेंसरचा पाईप त्यानं बाजूनं वळवून घेतला होता, आणि ती खिडकी बंद. राजूरचा घाट आम्ही न थांबता चढलो.

मेहकरजवळच्या त्या अंगणात चार माणसांनी जनकाबाईंना उचलून माझ्या पलंगावर ठेवलं. त्यांनी आधी गादीवरून हात फिरवला.

"ताई इथीच झोपली होती का?"

"हो," शेखर म्हणाला.

मलकापूरपर्यंत त्यांनी तो हात तसाच गादीवर ठेवला. दारात पोचल्यावर रंगराव आत आले आणि स्टुलावर बसले. उशाखालचं लुगडं काढून त्यांनी जनकाबाईंच्या हातात दिलं.

"भाऊजी, शेवटी ताई काय बोलली?"

 "तुहं नाव घेतलं तिनं," रंगराव म्हणाले.

ते खोटं होतं. जनकाबाईंनी लुगडं तोंडाला लावलं आणि रडल्या.

आता मी धामणगाव बढ्याला शेखरच्या शेतात उभी आहे. चाकं काढून घेतली, खाली विटा लावल्या. आत फवारणीचे पंप, ठिबकच्या नळ्या, तुरीची रिकामी पोती. रंगरावही आता मुलाकडेच राहतात. दुपारी माझ्या पायरीवर येऊन बसतात. येणाराजाणारा हमखास थांबतो, मला निरखतो आणि विचारतो, "तुमी सोता डिझेलचे मिस्त्री, तरी पेट्रोल काऊन जोडलं हो?"

"चुकलं माहं," रंगराव म्हणतात.

लोकांचं समाधान होतं. मान हलवून ते पुढं जातात. शेखर बाजूलाच काम करत असला तर ऐकून पाठ फिरवतो. बापाला तो वेळेवर जेवण आणून देतो, औषध आणून देतो, पण त्यांच्याशी नीट बोलत नाही. पेट्रोलचा राग त्याच्या मनातून गेलेला नाही. आणि रंगराव तो राग हवा तेवढा अंगावर घेतात. ती चूक कबूल केली की त्या बारा मिनिटांत आत काय झालं हे कुणी विचारत नाही, हे त्यांना माहीत झालंय.

मागच्या आठवड्यात शेखर पंप न्यायला आत आला. रंगराव दारात होते.

"शेखर, थांब जरा."

"काय?"

रंगरावांचे ओठ हलले. मला वाटलं, आता खिडकीचं सांगतात. "काही नाही," ते म्हणाले. "त्या पंपाचा वॉशर गेला, तेवढा बदलून घे."

शेखर निघून गेला.

तुम्हाला मी हे सगळं सांगितलं, पण शेखरला माझा आवाज पोचत नाही. तुमच्यापैकी कुणी धामणगावाकडं गेलात, तर मेहरबानी करून त्या म्हाताऱ्या माणसाला पेट्रोलचं विचारू नका. बांधावर शेखर दिसला तर त्याला एवढंच सांगा, की बाप थांब म्हणाला तर हातातलं काम ठेवायचं आणि त्याच्याजवळ बसायचं. ते लगेच बोलणार नाहीत, वॉशरचंच काहीतरी काढतील, तरी उठायचं नाही. रंगराव आता त्र्याहत्तर वर्षांचे आहेत, आणि हल्ली पायरी चढताना त्यांनाही दम लागतो.