कात्रणांची उशी

"खोकला दाबायचा नाही, मास्तर. उशी छातीशी घट्ट धरायची, मग खोकायचं." नर्सबाईंचे हे शब्द मला अजून आठवतात. ती उशी म्हणजे मी.

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे. आमचे टेलरमास्तर शिवणकाम शिकत होते तेव्हा त्यांनी मला शिवलं, पोटात दुकानातली कात्रणं भरली. एक शिवण वाकडी गेली, ती आजही वाकडीच आहे. मशीनपुढच्या स्टुलावर पडून मी चपटी झाले. पुढे फोमची गादी आली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली.

मास्तरांच्या फुफ्फुसात गाठी निघाल्या तेव्हा त्यांच्या बायकोने मला खाली काढलं, उन्हात तापवलं, स्वच्छ अभ्रा चढवला. ऑपरेशननंतर खोकताना टाक्यांना हिसका बसू नये म्हणून मी सतत त्यांच्या कवेत असे. देवाने मला याचसाठी राखलं होतं, असं वाटलं.

पण दवाखान्यातून सोबत घरी आलं ते श्वासाच्या व्यायामाचं, गोट्यांसारख्या तीन रंगीत गोळ्यांचं प्लॅस्टिकचं यंत्र. नळीतून श्वास ओढला की गोळ्या वर चढत. मास्तर तो व्यायाम नेमाने करत. एक गोळी चढली की घरभर कौतुक! कळा मी सोसायच्या आणि शाबासकी त्याला. मत्सर वाईट, हे मला कळतं. तरी मनात येई, आज गोळ्या खालीच राहू देत. मग जीव चरकायचा, कारण गोळ्यांबरोबर मास्तरांचा श्वास वर चढत होता.

समोरचा इस्त्रीवाला भेटायला येई. "जन्मभर लोकांच्या कपड्यांना टाके घातलेस, आता स्वतःला घालून घेतलेस," म्हणे. त्याच्याही छातीत गाठ दिसली होती, पण ऑपरेशनचं नाव काढलं की तो उठून जाई. एकदा मास्तर म्हणाले, "माझा रिपोर्ट कसाही येऊ दे. तुला दवाखान्यात मी घेऊन जाणार."

रिपोर्ट आला. दोन गाठी साध्या होत्या. तिसरी वाईट होती, पण लहान असतानाच निघाली, कुठे पसरली नव्हती. पुढचं चित्र चांगलं आहे, मात्र तपासणी चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूला टाकण्याआधी एकदा छातीशी धरून बघा. श्वासालाही धाप लागण्याआधीच जपा.

आज सकाळी इस्त्रीवाल्याला दवाखान्यात न्यायचं म्हणून मास्तरांनी माझा अभ्रा बदलला. तेही त्याला द्यावं म्हणून यंत्राकडे हात गेला तशी बायको म्हणाली, "ते राहू द्या. तोंडाला लावलेलं दुसऱ्याला कसं द्यायचं?" मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण लगेच कळलं, मला दुसऱ्याच्या कवेत जायचं आहे. आता मास्तरांची सगळी काळजी त्याच्या वाट्याला जाणार, म्हणून मला इस्त्रीवाल्याचाच हेवा वाटू लागला.

जिन्यात मास्तरांना धाप लागली. त्यांनी मला छातीशी धरलं, एकदा खोकले आणि सावकाश समोरच्या दाराकडे निघाले.