उंदराचं कार्ड

भिंतीवरच्या फोटोतल्या उंदराकडे चंद्रहास इतका वेळ बघत राहिला की शेवटी जितेशने त्याला कोपराने ढोसलं. फोटो दोन होते. डावीकडे पाठीवर केस कापायचं मशीन फिरवलेला काळा उंदीर, उजवीकडे म्हणे तोच उंदीर, पाठभर दाट केस. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'फक्त एकवीस दिवसांत'. नालासोपारा स्टेशनजवळ, मिठाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरचं हे केसांचं क्लिनिक. आत गुलाबाचा स्प्रे मारलेला, आणि त्यातूनही खालच्या जळक्या तुपाचा वास येत होता.

"पप्पा, डॉक्टरसमोर काही बोलू नका. फक्त सही करा," जितेश हळूच म्हणाला.

सहीसाठीच तर बापाला आणलं होतं. अजून बाजारात न आलेलं नवं इंजेक्शन, ते आधी तीस जणांवर करून बघणार, आणि त्या तिसांत जितेशचा नंबर लागला होता. वर त्याचे पैसेही त्याच्याकडूनच घेतले होते. फॉर्मवर साक्षीदार म्हणून घरच्या माणसाची सही हवी होती. जितेशच्या आईने, विनयाने, मी असल्या कागदावर सही करणार नाही म्हणून सांगितलं आणि नवऱ्याला पुढे केलं.

जितेश एकोणतीस वर्षांचा. गेल्या पाच वर्षांत त्याचं कपाळ मागे मागे सरकत गेलं आणि बोळिंजच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये नाही नाही ते प्रकार झाले. कांद्याचा रस झाला, तेव्हा बाथरूममध्ये पाय ठेववत नव्हता. सुयांचा रोलर झाला. स्वतःच्याच हातातलं रक्त काढून डोक्यात टोचून झालं. एका शहाण्या त्वचारोग डॉक्टरने साधं जुनं औषध दिलं होतं आणि सहा महिने धीर धरा म्हणून सांगितलं होतं, ते मात्र याने दोन महिन्यांत सोडून दिलं. मग दिवाळीनंतर लग्नासाठी सांगून आलेल्या एका मुलीने व्हिडिओ कॉलवर विचारलं, जरा टोपी काढता का. त्याने काढली. दुसऱ्या दिवशी नकार आला. तेव्हापासून पोरगा घरात जेवतानाही टोपी घालून बसायचा. चंद्रहास स्वतः पस्तिशीतच टकला झालेला, आणि त्याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं. बापाचं ते चकचकीत, निश्चिंत डोकं समोर आलं की जितेशचा पारा चढायचा.

आता गंमत अशी की उंदरांतलं या घरात कोणाला कळत असेल तर ते चंद्रहासलाच. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत बत्तीस वर्षं त्याने उंदरांच्या खोलीत काढली होती. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, साहेब सांगतील त्या उंदराची पाठ भादरायची. टक्कल जाणार अशी बातमी त्याच्या नोकरीत पाच-सहा वेळा तरी छापून आली. दर वेळी उंदरांना भरघोस केस आले, साहेबांचं कौतुक झालं, आणि साहेब टकलेच निवृत्त झाले. निघताना चंद्रहासने घरी आणलं ते एवढंच, पिंजऱ्यांवर लावायच्या जुन्या नमुन्याच्या कार्डांचा गठ्ठा. तो रद्दीत चालला होता. विनया त्या कार्डांच्या मागच्या कोऱ्या बाजूला अजून किराण्याच्या याद्या करते.

समोर सुरुची नावाची मुलगी येऊन बसली. पेशंटांशी बोलण्याचं काम तिचं. तिने जितेशच्या डोक्यावर कॅमेरा टेकवला आणि त्याची कातडी भल्यामोठ्या पडद्यावर दिसायला लागली, तेलकट, छिद्राछिद्रांची. "अंकल, बघताय ना? मुळं जिवंत आहेत, फक्त झोपलीयत. आपलं इंजेक्शन त्यांना उठवणार," ती गोड हसून म्हणाली. आपल्या पोराचं टाळकं असं चारचौघांत टांगलेलं बघून चंद्रहासला शिसारी आली. जितेश मात्र देवाच्या आरतीला उभं राहावं तसा पडद्याकडे बघत होता.

डॉक्टर आले. पन्नाशीचे, गुळगुळीत, स्वतःच्या डोक्यावर भरपूर केस असलेले. त्यांनी फॉर्म पुढे सरकवला तेव्हा चंद्रहासने पेन घेतलं आणि खाली ठेवलं.

"डॉक्टर, तो डावीकडचा उंदीर. त्याची कातडी राखाडी आहे," तो म्हणाला.

"मग?"

चंद्रहासने शांतपणे सांगितलं. काळ्या उंदराची पाठ भादरल्यावर कातडी गुलाबी निघाली तर केस झोपलेले असतात, मग बरेच दिवस काही उगवत नाही. राखाडी निघाली तर केस वर यायला निघालेलेच असतात. मग वरून औषध लावा नाहीतर नळाचं पाणी, एकवीस दिवसांत पाठ भरते. राखाडी उंदीर फोटोला घ्यायचा नाही, एवढं तर त्यांच्याकडचा नवा शिपाईसुद्धा पहिल्या महिन्यात शिकायचा.

डॉक्टरांनी चष्मा वर केला. "आपण सायंटिस्ट होता का?"

चंद्रहास उत्तर देणार तेवढ्यात जितेश बोलला. "नाही हो सर. पप्पा तिथे उंदरांची घाण काढायचे. तुम्ही बोला."

सुरुची खाली बघायला लागली. चंद्रहासला वाटलं, आपल्या कानशिलात कोणी वाजवली. खोटं काहीच नव्हतं त्यात. बत्तीस वर्षं घाणच काढली होती, आणि त्या घाणीवर या पोराचं इंजिनिअरिंग झालं होतं. त्याने फॉर्म उचलला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. पोराचं नाव, फोन नंबर, आणि पुढे पानभर, काहीही झालं तरी क्लिनिक जबाबदार नाही.

"माझ्याकडे प्रत्येक उंदराला कार्ड होतं," तो म्हणाला. "कधी भादरला, काय टोचलं, किती टोचलं, रोज काय दिसलं, सगळं लिहायचं. मेला तर का मेला तेही. याचं कार्ड कुठे आहे?"

"फॉलोअप आपण व्हॉट्सॲपवर घेतो," डॉक्टर म्हणाले.

चंद्रहासने सही केली नाही. त्याने काही फरक पडला नाही, ही त्यातली सगळ्यात ओंगळ गोष्ट. त्याच वेळी पाण्याचा जार घेऊन एक माणूस वर आला होता. सुरुचीने त्याला बोलावलं, त्याने ओला हात पँटला पुसला आणि साक्षीदाराच्या जागेवर सही ठोकली. कशावर केली हे त्याने विचारलंसुद्धा नाही. जितेश आत गेला. चंद्रहास जिना उतरून रस्त्यावर आला आणि गटाराच्या कडेला उभा राहून थुंकला. आपल्याकडे उंदरांनी तरी कुठे फॉर्म वाचले होते, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःचाही वीट आला.

दोन दिवस बापलेकात बोलणं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी चंद्रहास गॅलरीत बसला होता, तेव्हा जितेश येऊन समोर उभा राहिला. कपाळ सुजून सूज डोळ्यांपर्यंत उतरली होती, एक डोळा तर जेमतेम उघडत होता. हातात फोन. क्लिनिकला त्याने फोटो पाठवला होता, त्यावर उत्तर आलं होतं, 'नॉर्मल आहे', आणि पुढे जोडलेल्या हातांचं चित्र. नंतर फोन कोणी उचलत नव्हतं.

जितेशने डोक्यावरची टोपी काढली. चार महिन्यांनी बापाने पोराचं डोकं उघडं बघितलं. तो खालच्या पाटावर बसला, बापाच्या गुडघ्यांशी, लहानपणी केस कापायला बसायचा तसा.

"पप्पा, बघा ना जरा," तो म्हणाला. "तुम्हाला कळतं त्यातलं."

विनया दारात उभी राहून डोळे पुसत होती. चंद्रहासने तिला सरकारी हॉस्पिटलच्या त्वचारोग विभागाची वेळ विचारायला सांगितली, नऊपर्यंत निघू म्हणाला. मग स्वयंपाकघरातल्या गठ्ठ्यातून मागे यादी न लिहिलेलं एक कार्ड शोधून आणलं. नंबराच्या जागी त्याने नाव लिहिलं, जितेश. टोचल्याची तारीख लिहिली. काय टोचलं तिथे लिहिलं, माहीत नाही. सूज कुठून कुठवर आहे ते बोटांनी चाचपून, मोजून लिहिलं. त्याचं अक्षर पूर्वीसारखंच बारीक आणि सरळ येत होतं.

कार्डावर सगळ्यात खाली एक छापील ओळ होती, शेवट कधी आणि कसा झाला ते लिहायची. बत्तीस वर्षांत अशी एकही ओळ त्याने कोरी सोडली नव्हती, कारण प्रयोग संपला की प्रत्येक उंदराला मारायचंच असायचं. चंद्रहासने विनयाकडून कात्री मागून घेतली, ती ओळ सरळ कापून काढली आणि चिटोरं मुठीत चुरगळलं.

"मान जरा उजेडाकडे कर," तो जितेशला म्हणाला.