पाच वर्षं मुरलेला सिगार

माझा पोरगा योगेंद्र जहाजावर नोकरीला होता. त्याने सिगारचा डबा आणला आणि बजावलं, "आबा, पाच वर्षं हात लावू नका. लोणच्यासारखे मुरतात, कडवटपणा जातो."

मी डबा गव्हाच्या कोठीत ठेवला. कीड लागू नये म्हणून आत मूठभर कडुनिंबाचा पाला घातला.

त्याच साली तो समुद्रात पडला. प्रेत मिळालंच नाही.

आज पाच वर्षं भरली. सिगार पेटवला, तर तोंड कडूजहर! तंबाखूत पालाच मुरला होता. सून म्हणाली, "आबा, फेकी द्या."

"गप बस!" मी खेकसलो.

आमच्या धरणगावात मयतीहून परतलं की कडुनिंबाचा पाला चावतात. योगेंद्रसाठी कोणीच चावला नव्हता.

सिगार मी बोटं पोळेपर्यंत ओढला.