साक्षीबाबाचे आठ कागद

कारखान्याच्या पटांगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर अक्षरं झळकत होती आणि त्याखाली चौरंगावर साक्षीबाबा डोळे मिटून डोलत होता. आदल्या दिवशी ओतशाळेत क्रेनची साखळी तुटून उकळत्या लोखंडाची बादली कोसळली होती. खाली उभा असलेला, वजन करणारा तोलाईवाला ओळखूही आला नव्हता.

"नऊ दिवसांपूर्वी लिहून ठेवलं होतं, लेकरांनो!" बाबाने डोळे उघडले. "वाचा! ‘या महिन्यात ओतशाळेत बळी जाईल, तो क्रेनवालीच्या नजरेने.’ तारखेवर शंका आहे? सरकारी शिक्का बघा. बाबा खोटं बोलेल हो, गणित खोटं बोलतं का?"

जयजयकाराने पत्रे हादरले. एका बाईच्या तोंडून मात्र जय निघाला नाही. ती वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायची. सगळे तिला चष्मेवाली म्हणत. क्रेनवाली तिची वहिनी होती.

बघता बघता ओतशाळेतल्या साचेवाल्याने वहिनीला केसांना धरून क्रेनच्या शिडीवरून पटांगणात ओढून आणलं. "माझा दोस्त खाल्लास!" म्हणत त्याने तिचा उजवा हात दगडावर दाबला आणि वरून पहार हाणली. हाड मोडल्याचा आवाज शेवटच्या रांगेला ऐकू गेला.

"वन्सं!" वहिनी किंचाळली.

चष्मेवाली मध्ये घुसली. कुणाचं तरी कोपर तोंडावर बसलं, ओठ फाटला, चष्म्याची एक काच फुटली.

"चार वाजेपर्यंत कबूल करायला सांगा," बाबा जेवणाचा बेत सांगावा तसा म्हणाला. "नाही केलं, तर नजर जाळावी लागेल. सळई भट्टीत घाला."

चष्मेवालीला फाटकाबाहेर फेकून आतून कुलूप लागलं. तिने पोलीस चौकीला फोन लावला. "गाडी आली की पाठवतो," उत्तर आलं. तिच्या मुठीत बाबाने वाटलेलं पत्रक चुरगळलं होतं. ते घेऊन ती आपल्या वर्तमानपत्राच्या छापखान्याकडे धावत सुटली.

पत्रकावर भविष्याखाली ठशांची उतरंड होती. ती तिच्या रोजच्या ओळखीची. कुठलाही मजकूर संगणकात घातला की त्याचा चौसष्ट अक्षर-आकड्यांचा ठसा निघतो. एक अनुस्वार बदलला तरी ठसा पार बदलतो. सरकारी वेळनोंद कार्यालय दिवसभरात आलेल्या कागदांचे ठसे दोन-दोन जोडून नवे ठसे काढतं, त्यांच्या पुन्हा जोड्या लावतं, असं करत शेंड्याला एकच ठसा उरतो. तो दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतो, म्हणून मागाहून कुणाला काही घुसडता येत नाही. आपला कागद त्या दिवशीच्या झाडावर होता हे सिद्ध करायला कार्यालय प्रत्येक पायरीवरचा शेजारचा ठसा देतं. त्या पायऱ्यांनी शेंड्यापर्यंत चढून पाहायचं.

ती चढली. शेंडा आठ दिवसांपूर्वीच्या पेपराशी तंतोतंत जुळला. तारीख खरी होती!

मग तिने ते वाक्य चुका शोधायच्या सवयीने पुन्हा वाचलं. नाव नव्हतं, नुसतं काम होतं. तेवढं काम बदलून बाबाने असेच आणखी कागद नोंदवले असतील तर? शेजारचा ठसा कुणाच्या कागदाचा? तिने ‘क्रेनवालीच्या’ खोडून ‘भट्टीवाल्याच्या’ लिहिलं. नाही. ‘घासणाऱ्याच्या’. नाही. ‘साचेवाल्याच्या’.

जुळला.

वहिनीला डबा द्यायला जाताना रोज दिसणाऱ्या ओतशाळेच्या हजेरीफळ्यावर वहिनीच्या वर साचेवाल्याचीच ओळ होती. फळ्याच्या क्रमाने तिने उरलेली सहा कामं घातली, जोड्या लावल्या. पुढच्या दोन्ही पायऱ्या जुळल्या. घड्याळात पावणेचार झाले होते.

"कबुली घ्यायला आलेय," म्हटल्यावर पहारेकऱ्याने फाटक उघडलं. आत दोघांनी वहिनीची मान धरली होती. तिसऱ्याच्या हातात लालभडक सळई होती.

"थांबा!" चष्मेवाली ओरडली. "साचेवाल्याच्या नजरेने बळी जाईल, असंही लिहिलंय बाबाने!"

साचेवाला गर्रकन वळला. "काय बरळतेस?"

"पडद्यावर ‘क्रेनवालीच्या’ खोड आणि ‘साचेवाल्याच्या’ लिही. तुझ्याच हाताने. मग ठसा पत्रकाशी ताडून बघ."

"यंत्राला हात लावू नका, विटाळ होईल!" बाबा चौरंगावरून उठलाच.

"सकाळी गणित होतं, आता विटाळ कुठून आला?" तोलाईवाल्याची म्हातारी आई पुढे आली. "लिहू दे त्याला."

साचेवाल्याने एका बोटाने अक्षरं दाबली. ठसा उमटला. शेकडो पत्रकं डोळ्यांशी गेली आणि लोक मोठ्याने वाचू लागले. चौसष्टावं अक्षरही जुळलं.

"आठ माणसं, आठ कागद," चष्मेवाली म्हणाली. "साखळी झिजलेली, माणूस आज ना उद्या मरणारच होता. नसता मेला, तर एकही कागद उघडला नसता. वहिनीने साखळीची तक्रार तीनदा मालकाला लिहून दिली होती, म्हणून तिला गप्प करायला तिचा उघडला. आणि आई, सहावा कागद तोलाईवाल्याचा, तुमच्या मुलाचा आहे. तो स्वतःच्याच नजरेने मेला असता."

उत्तर साचेवाल्याच्या पहारीने दिलं. बाबाच्या खांद्याचं हाड मोडलं, दात उडाले, दहा जणांच्या लाथा बसू लागल्या. होऊ दे, असं चष्मेवालीला क्षणभर मनापासून वाटलं.

"वन्सं, अडवा त्यांना," वहिनी कण्हत म्हणाली. "तो मेला तर मालकाचं नाव कोण सांगेल?"

चष्मेवाली बाबाच्या अंगावर आडवी पडली. दोन लाथा तिच्या बरगड्यांत बसल्या, तेव्हा कुठे पाय थांबले.

बाबाने पोलिसांना मालकाचं नाव सांगितलं. मालक कोठडीत गेला. वहिनीची तीन बोटं मात्र पुन्हा वळली नाहीत. साचेवाला दवाखान्यात तिच्या पलंगापाशी आला.

"मी शिक्का बघितला, बाई. शिक्का खरा होता," तो म्हणाला.

"शिक्का खराच होता," वहिनी म्हणाली. "कागद कधी लिहिला, एवढंच तो सांगतो. खिशात आणखी किती कागद आहेत, हे आपण विचारायचं असतं. पहार उचलायच्या आधी."