बाबांच्या बाहीचा शेवट

धाकट्या भावाचं नीटनेटकेपण आमच्या घरात सगळ्यांच्या डोक्यात जातं. पाणी प्यायला स्वयंपाकघरात येतो आणि जाताना डबे उंचीप्रमाणे लावून जातो. पण घरात प्रोग्रामर तोच, त्यामुळे त्याच्यापुढे हात जोडण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं.

आमचा स्वेटरचा कारखाना म्हणजे घराखालच्या दोन खोल्या. जुन्या विणकाम यंत्राने मान टाकली, मी नवं आणलं, आणि नव्याला बाबांच्या नक्ष्या वाचता येईनात. जुन्या यंत्रासाठी बाबांनी स्वतःच एक छोटीशी भाषा बनवली होती: 'सुलटा', 'उलटा', 'आठ वेळा कर'. आयुष्यभराच्या नक्ष्या त्या भाषेत, फ्लॉपींवर. "आता माझं खाली काय काम?" म्हणून बाबा वरच्या खोलीत जाऊन बसले ते उतरेचनात. अन्नावरची वासनाही उडाली. मला यंत्राची नाही, त्यांची धास्ती होती.

धाकट्याने ती भाषा वाचणारा प्रोग्राम लिहायला घेतला. शब्द चुटकीसरशी सुटले. घोडं अडलं 'आठ वेळा कर'पाशी. काय आठ वेळा? पुढची एक ओळ, की दहा?

"कंस नाही, काही नाही. थांबायचं कुठे ते बाबांनी लिहिलंच नाहीये," तो वैतागला.

वर जाऊन विचारलं, तर बाबा म्हणाले, "मला काय आठवतंय! यंत्राला कळायचं."

शेवटी त्याने पुढच्या सगळ्याच ओळी धरल्या आणि यंत्र सुरू केलं. कोपर झालं, मनगट झालं, तरी बाही आपली चालूच. टेबलावरून जमिनीवर उतरली तेव्हा मी बटण दाबलं. आधी हसले, मग मला रडू आलं.

तशीच वर गेले आणि बाबांना हाताला धरून खाली आणलं. चष्मा पुसून ते स्क्रीनकडे बघत राहिले.

"हे माझं नाही."

"तुमचंच आहे बाबा, अक्षरन् अक्षर," धाकटा म्हणाला.

"माझ्या ओळी अशा भिंतीला टेकून उभ्या नसतात. पुन्हा पुन्हा करायच्या त्या मी आत सरकवायचो. ते संपलं की परत कडेला."

धाकटा पांढराफटक पडला. फ्लॉपींवरच्या नक्ष्या संगणकावर उतरवून घेतल्यावर त्याने सगळ्यात आधी ओळींपुढच्या मोकळ्या जागाच पुसून टाकल्या होत्या. का, तर पसारा दिसतो! संगणकावर मूळ प्रतही ठेवली नव्हती.

"ताई, त्या फ्लॉपी... मी तुला टाकून दे म्हणालो होतो."

"तू म्हणालास म्हणूनच नाही टाकल्या. तुझं ऐकत बसले तर घरात मीसुद्धा उरायची नाही."

बटणांच्या डब्यामागून मी पिशवी काढली. फ्लॉपी वाचली गेली आणि स्क्रीनवर ओळी आतबाहेर उमटल्या, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. कुठली ओळ किती आत आहे हे धाकट्याने प्रोग्रामला मोजायला शिकवलं. बाबा खुर्चीवरून हलले नाहीत.

या खेपेला बाही मनगटाशी थांबली. बाबांनी तिच्यात हात घातला. दुसऱ्या टोकातून बोटं बाहेर आली.

"ढिली झालीये," ते म्हणाले. "उद्या सकाळी खाली आलो की ताण बघतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जेवायला काय आहे गं?"

मी दोन दोन पायऱ्या चढत वर गेले.