सुनावणीच्या टेबलावरचा डाव

मी समाजकेंद्रातलं टेबल टेनिसचं टेबल बोलतोय. जरा भरभर बोलेन, सांभाळून घ्या. आज संध्याकाळी माझ्यावर सामना आहे आणि सकाळपासून माझे पाय जमिनीवर नाहीत. म्हणजे आहेत, सगळे आहेत, पण मी काय म्हणतोय ते तुम्हाला कळलं.

शहराच्या कडेला नवी वस्ती उभी राहत होती तेव्हा मी इथे आलो. पालिकेने एकाच इमारतीत दोन संसार थाटले होते. डावीकडे कचेरी, म्हणजे पाणी, गटारं, घरपट्टी, जन्ममृत्यूचे दाखले. उजवीकडे समाजकेंद्र. मला उजवीकडचं सासर मिळालं.

माझ्यावर सगळ्यांत जास्त खेळल्या त्या दोघी जावा. दोन भावांच्या बायका, घरं शेजारीशेजारी. थोरली उंच, मोजकं बोलणारी, शाळेपासून खेळलेली. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिला बॅट कशी धरायची हेही ठाऊक नव्हतं. थोरलीने तिला हाताला धरून शिकवलं. हरली की धाकटी रुसून खुर्चीत बसायची, आणि रुसून हात सुधारत नाही असं म्हणत थोरली तिला पुन्हा उभी करायची. पुढेपुढे धाकटी जिंकायलाही लागली. तेव्हा थोरलीच जास्त खूश व्हायची.

मग थोरलीने अंगणात नवी फरशी घातली. फरशी देखणी, पण उतार चुकला. पाऊस आला की तिच्या अंगणातलं सगळं पाणी धाकटीच्या उंबऱ्यावरून आत. धाकटी सांगायला गेली, शब्दाने शब्द वाढला आणि दोघींनी बोलणं टाकलं. भाऊभाऊ कुंपणापाशी हळूच बोलायचे, पण बायकांसमोर अळीमिळी गुपचिळी. धाकटीने कचेरीत तक्रार टाकली. थोरलीने उलट तक्रार टाकली.

इकडे माझेही दिवस फिरले. जाळी फाटली ती फाटलीच. माणसांना सपाट जागा दिसली की तिथे काहीतरी ठेवल्याशिवाय चैन पडत नाही. माझ्यावर सतरंज्या आल्या, विसरलेल्या छत्र्या आल्या, बंद पडलेला पंखा आला. शेवटी मला दुमडून मोडक्या खुर्च्यांच्या मागे उभं केलं. कित्येक वर्षं मी भिंतीकडे तोंड करून काढली.

नशीब उघडलं ते कचेरीच्या रंगकामामुळे. तिकडे बसायला जागा उरली नाही, म्हणून जावांच्या तक्रारीची सुनावणी आमच्या हॉलमध्ये ठरली. लांबरुंद टेबल हवं होतं. शिपाईमामांनी मला ओढून काढलं, उघडलं, ओल्या फडक्याने पुसलं. अहाहा!

दोघी आल्या. एक या टोकाला, एक त्या टोकाला. दोघींच्या हातात जाड पुठ्ठ्याची फाइल. निकाल धाकटीच्या बाजूने लागला तर थोरलीची फरशी उखडणार होती. नाही लागला तर घर विकून आपण लांब निघून जाणार, असं धाकटीने जाहीर करून टाकलं होतं. सुनावणी घेणाऱ्या, गटार विभागाच्या इंजिनिअर बाई मात्र दुसऱ्या वस्तीत तुंबलेल्या गटारावर अडकल्या होत्या. दोघी खिडकीकडे बघत बसून राहिल्या.

मामा झाडत होते. स्टेजखालून त्यांच्या झाडूसोबत एक जुना चेंडू बाहेर आला. त्यांनी तो उचलून माझ्यावर ठेवला. हॉलची जमीन जरा कललेली, त्यामुळे चेंडू घरंगळत धाकटीकडे गेला. तिने तो फाइलने अडवला आणि नकळत परत ढकलला. थोरलीनेही फाइलनेच परतवला. मग तो टप्पा घेऊन आला. मग जोरात आला. दोघी केव्हा उभ्या राहिल्या ते माझ्याही लक्षात आलं नाही. मामांनी हातातला लांब झाडू मधोमध आडवा ठेवला. झाली जाळी!

काय सांगू तुम्हाला! त्या टप्प्यांनी माझी फळीन् फळी जागी झाली. कचेरीतले लोक दाराशी जमले. इंजिनिअर बाई चिखलाच्या बुटांनी धावत आल्या, माफी मागायला तोंड उघडलं, तर मामांनी ओठांवर बोट ठेवलं. बरोबरी होती. बाई खुर्ची ओढून बसल्या आणि गुण मोजायला लागल्या.

थोरलीचा गुडघा दुखत होता. ते बघून धाकटीने एक सोपा चेंडू जाऊ दिला. थोरलीने चेंडू हातात धरला. इतक्या वर्षांनी ती पहिल्यांदा धाकटीशी बोलली.

"मुद्दाम सोडू नकोस. सोडलेला गुण मला नको."

"गुडघा दुखतोय ना तुमचा, ताई."

"गुडघ्याचं मी बघते. तू खेळ."

मग धाकटी अशी खेळली की माझी बिजागरी करकरली. तरीही जिंकली थोरलीच. माझ्यावर दोन्ही हात टेकून ती धापा टाकत होती. तळवे गरम होते. ती इंजिनिअर बाईंना म्हणाली, "फरशी उखडा. उतार माझ्या परसाकडे घ्या."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"आधी तुम्ही सगळं लेखी मागत होता."

धाकटी डोळे पुसत हसायला लागली. सगळी कशाला उखडायची, म्हणाली, कडेच्या दोन ओळी काढल्या तरी पाणी वळेल. तिघी तशाच अंगण बघायला गेल्या. दोनच ओळी निघाल्या, पाणी वळलं.

आता माझा एक पाय आखूड झालाय, खाली लाकडाचा तुकडा लागतो. पण जाळी नवी आहे आणि रोज संध्याकाळी माझ्यासाठी रांग लागते. आज जावांची जोडी एका बाजूला, कचेरीची जोडी दुसऱ्या बाजूला. इंजिनिअर बाई आठवडाभर चोरून सराव करतायत.

तुम्हीही या. फक्त एकटे येऊ नका. ज्याच्याशी तुमचं बोलणं बंद आहे, त्याला घेऊन या. बोलायची घाई नाही. तुम्ही या टोकाला उभे राहा, त्याला त्या टोकाला उभं करा. पुढचं मी आणि चेंडू बघून घेऊ.