डाव्या हाताचा पीळ

अप्पांनी उभा जन्म लेथ मशीनवर काढला होता. केसभर जाडीचा फरक त्यांच्या बोटांना कळायचा. गाडीचा दिवा काढणं म्हणजे त्यांच्या हातचा मळ. तरी त्या रविवारी सकाळी बॉनेट उघडून ते बराच वेळ नुसतेच उभे राहिले. गाडी मुलाची होती, आणि मुलाला जाऊन पाच महिने झाले होते. ऑफिसच्या जिन्यात दम लागला म्हणून बसला, तो उठलाच नाही.

डाव्या हेडलाइटची काच पिवळी पडली होती, आत पाणी शिरलं होतं. नवा दिवा सुनेने मागवला आणि गॅरेजमध्ये बसवून घेते म्हणाली, तर अप्पांनी मोडता घातला. घरात हात असताना परक्याकडे कशाला, असं त्यांचं म्हणणं. तिने वाद घातला नाही. आठवडाभर ती गप्पगप्पच होती, आणि त्याचं कारण अप्पांना ठाऊक होतं. तिच्या बहिणीचा फोन एकदा त्यांनीच उचलला होता. सुनेला लांबच्या गावी, आईच्या घराजवळ नोकरी लागली होती. जायचं ठरलं होतं. सासऱ्यांना सांगायचं कसं, तेवढं ठरत नव्हतं.

अप्पांनी बॅटरीची वायर सोडवली. बंपरच्या वरच्या प्लास्टिकच्या क्लिपा काढायला सून पुढे झाली.

"ओढू नकोस. खालून हळूच उचल, मोडेल," अप्पा खेकसले.

"त्यालाही असंच ओरडायचात?"

"त्याला याहून जास्त. त्याच्या हातात पाना गेला की नटाचं वाटोळं ठरलेलं."

ती हसली. फार नाही, पण हसली.

वरचे दोन बोल्ट मुकाट निघाले. तिसरा खाली, बंपरच्या आड होता. सुनेने टॉर्च धरला, अप्पांनी गाल जवळजवळ चाकाला टेकवून आत पाहिलं. तिथे बोल्ट नव्हताच. दिव्याचा कान, म्हणजे बोल्टच्या भोकाची पट्टी, तांब्याच्या तारेने करकचून बांधलेला होता.

मागच्या वर्षी मुलाने गाडी फाटकाच्या खांबावर घातली होती. चांगल्या गॅरेजला दाखव, जुगाड करू नकोस, असं अप्पांनी त्याला दहादा बजावलं होतं. दोन तासांनी तो परत आला आणि एकदम चकाचक झाली म्हणाला.

"लबाड," अप्पा पुटपुटले.

त्यांनी पक्कड घेऊन पीळ उलगडायला सुरुवात केली. तार सुटेना, उलट आणखी आवळली. पुन्हा जोर लावला, पुन्हा आवळली. चाळीस वर्षं मुरलेल्या कारागिराला एक तार दाद देईना. आणि मग त्यांच्या लक्षात आलं. पीळ उलट्या बाजूचा होता. मुलगा डावखुरा होता.

पहिलीत असताना अप्पांनी त्याच्या डाव्या हातावर पट्ट्या ओढल्या होत्या. एक दिवस नाही, दोन वर्षं. शेवटी पोरगा उजव्या हाताने लिहायला लागला, तेव्हा अप्पांना वाटलं होतं, खोड मोडली. बाकी सगळं तो त्यांच्या पाठीमागे डाव्या हाताने करत राहिला असणार.

अप्पांच्या हातातली पक्कड थांबली. सुनेने तार कापू का विचारलं, तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग तिनेच पक्कड घेतली आणि दुसऱ्या बाजूने फिरवत एकेक वेढा सोडवला.

"किती घट्ट बांधलंय त्याने," ती म्हणाली.

"नीट बांधलंय," अप्पा म्हणाले. मुलाच्या हातच्या कामाला त्यांनी नीट म्हटल्याचं तिने पहिल्यांदाच ऐकलं.

मागचा प्लग काढून जुना दिवा बाहेर घेतला, तेव्हा त्यातलं पाणी डुचमळलं. नवा जागेवर बसला. तारेच्या जागी नवा बोल्ट घालून आवळता आवळता, तिच्याकडे न बघता अप्पांनी विचारलं, "आठ तासांचा रस्ता. पोचेपर्यंत अंधार होईल ना?"

सुनेने टॉर्च खाली ठेवला.

"अप्पा, मी सांगणार होते."

"म्हणून तर दिवा बदलला."

ती खूप रडली. तुम्हीही चला, असं पुन्हा पुन्हा म्हणाली. अप्पांनी नाही म्हटलं. तिने तिथे कुणाची सून म्हणून नव्हे, मोकळेपणाने राहावं, एवढंच त्यांना वाटत होतं, पण तसं बोलणं त्यांना जमलं नाही. या वयात नवीन घर सोसत नाही, असं काहीतरी सांगितलं.

पुढच्या रविवारी ती गेली. संध्याकाळभर अप्पा फोन मांडीवर घेऊन बसले. तिचा फोन आला तेव्हा जेवणवेळ टळून गेली होती. सुखरूप पोचले म्हणाली. फक्त समोरून येणारे सगळे गाडीवाले तिच्यावर दिवे मारत होते.

"डाव्या दिव्याचा झोत वर जात असेल. दिव्याच्या मागे पांढरा स्क्रू आहे, तो फिरवून खाली घे," अप्पा म्हणाले.

"आता?"

"उद्या उजेडात कर. मला फोन लाव, मी सांगतो."

ती बरं म्हणाली. पण फोन दोघांनीही बराच वेळ ठेवला नाही.